अक्कांची टर्की आणि माझे पाय

अलीकडे साऱ्या जगाला पाठ झालेला तो शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, तो धरणगावजवळच्या एका खळ्यात, कडब्याच्या गंजीला टेकून. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. समोर टर्कीची तीस आजारी पिल्लं होती, ती सांभाळणाऱ्या अक्का होत्या आणि अक्कांचे यजमान आबा होते. "आबा, हा कोरोना व्हायरस असावा," मी म्हणाले. तेव्हा हा शब्द ऐकून कुणी दोन पावलं मागे सरत नसे. आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि चौकशी केली, "कोन्या गावना शे तो?"

मी तेव्हा धरणगावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. वय सव्वीस, घर धुळ्याला, वाहन लुना. बाई डॉक्टर ही चीज त्या भागात नवीनच होती. मी एखाद्या गोठ्यासमोर लुना उभी केली की शेतकरी माझ्याकडे बघून हसायचा, मग माझ्या मागे बघायचा, आणि मग विचारायचा, "डॉक्टर मागून येताहेत का?" मागून यायचे ते आमचे ड्रेसरभाऊ, सायकलवर, घाम पुसत. सरकारी कागदावर त्यांचं पद 'व्रणोपचारक' असं होतं, पण तो शब्द त्यांना स्वतःलाही एका दमात म्हणता येत नसे. माझं जेवढं वय तेवढी त्यांची नोकरी झाली होती. ते कमी बोलायचे आणि मी जास्त, त्यामुळे आमचं बरं जमायचं.

मला त्या काळात स्वतःच्या दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे स्वच्छता. दुसरी म्हणजे, माझं सहसा चुकत नाही. या दोन्ही गोष्टी मी भेटेल त्याला सांगत असे. म्हशीचं वार अडकलं म्हणून बोलावलेल्या माणसालाही मी आधी नखं कापायला लावायचे. लोक ऐकून घ्यायचे. सरकारी माणसाचं ऐकून घ्यायची आपल्याकडे पद्धतच आहे.

टर्की आल्या त्या आबांमुळे. आबा धुळ्याला शेतीचं प्रदर्शन बघायला गेले होते. लोक तिथून बियाणाच्या पिशव्या आणतात, आबा टर्कीची साठ पिल्लं घेऊन आले. खांदेशात कापूस काय कुणीही लावतो, आपण काहीतरी निराळं करायचं, अशी त्यांची आयुष्यभराची हौस होती. याआधी त्यांनी मधमाश्या पाळल्या होत्या, त्या उडून गेल्या, आणि ससे पाळले होते, ते उकरून गेले. हौस आबांची आणि राबणं अक्कांचं, असा त्या घराचा कायमचा करार होता.

साठातली तीस पिल्लं अक्कांनी ठेवली आणि तीस धाकट्या बहिणीला दिली. ही बहीण पाच मैलांवरच्या गावात दिलेली होती. तिला सगळे मावशी म्हणायचे, म्हणून मीही मावशीच म्हणायचे. दोघी बहिणी आठवड्याच्या बाजाराला भेटायच्या, आणि संक्रांतीला तर अक्का तिळगुळाचा डबा घेऊन मावशीकडे जायच्याच. तीस वर्षांत एकही संक्रांत चुकली नव्हती. हे मला मावशींनी सांगितलं, अक्कांनी सांगितलं आणि आबांनीही सांगितलं. मी ते तिन्ही वेळा एका कानाने ऐकलं.

अक्कांना दोन मुलगे. दोघंही सुरतेला कामाला गेले, सुनाही गेल्या, नातवंडंही गेली. घरात आबा उरले, पण ते घरात नसायचेच. अशा घरात तीस पिल्लं चिवचिवायला लागली आणि अक्कांचा चेहरा पालटला. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "डाक्टरबाई, घर परत बोलाले लागनं." त्यांना ती पिल्लं विकायची होती की जन्मभर ठेवायची होती, हे आबांनी कधी विचारलं नाही आणि अक्कांनी कधी सांगितलं नाही. घरात अंडंसुद्धा कुणी खात नव्हतं.

मग पौषात आबांनी आणखी एक निराळं काम केलं. धुळ्याच्या कुणा बंगलेवाल्याकडून ते एक मोठा टर्कीचा नर घेऊन आले. आणला एसटीने, मांडीवर, उपरण्यात गुंडाळून. टर्कीच्या नराला मोठा आवाज झाला की उत्तर द्यायची खोड असते. कंडक्टरने घंटी वाजवली की हा 'गुडगुडगुडगुड' करायचा. धुळ्यापासून धरणगावपर्यंत जितक्या घंट्या झाल्या तितकी उत्तरं झाली. शेवटी कंडक्टर तोंडानेच 'चला' म्हणायला लागला, तर हा त्यालाही उत्तर देऊ लागला.

खळ्यात सोडल्यावर त्याने पिसारा फुलवला, छाती पुढे काढली, तोंड लालनिळं केलं आणि समोर ठेवलेलं दाणे-पाणी न पाहिल्यासारखं करून फेऱ्या मारायला लागला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "मले आंडेर नही," त्या म्हणाल्या, "म्हनीसन जावई नही. आते हाऊ मना जावई." आंडेर म्हणजे मुलगी. त्या दिवसापासून त्याचं नाव जावई पडलं. वागणूकही तशीच होती. सगळ्यांत आधी खायचा आणि सगळ्यांत जास्त रुसायचा.

जावई आला आणि आठवड्याच्या आत पिल्लं आजारी पडली.

मी गेले तेव्हा तीसच्या तीस पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती आणि सारखी केविलवाणी ओरडत होती. खाणं बंद. खाली फेसाळ, पाण्यासारखी हगवण. हातात घेतलेलं पिल्लू कागदाच्या पुडीएवढं हलकं. डोक्याची कातडी काळसर निळी पडलेली. अक्का मधोमध मांडी घालून बसल्या होत्या आणि त्यातली चार पिल्लं त्यांच्या पदराखाली होती. खळ्याच्या दुसऱ्या टोकाला जावई ठणठणीत होता.

इथे एक कबुली द्यायला हवी. कॉलेजात आमच्या जाडजूड पुस्तकात टर्कीच्या आजारांचं एक प्रकरण होतं, आणि आमच्या अख्ख्या वर्गाने ते ऑप्शनला टाकलं होतं. महाराष्ट्रात टर्की बघायला मिळणार कुणाला? परीक्षेलाही ते आलं नाही, तेव्हा आम्ही स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. त्या दिवशी खोलीवर येऊन मी ते पुस्तक ट्रंकेतून काढलं. प्रकरणाची पानं एकमेकांना चिकटलेली होती. सुरीने सोडवली आणि वाचली. कोवळ्या पिल्लांच्या आतड्याचा रोग, कारण कोरोना व्हायरस, नेमकं औषध नाही. विष्ठेतून पसरतो. माणसांच्या पायांनी, भांड्यांनी, माश्यांनी एका जागेवरून दुसरीकडे जातो. थंडीत जास्त टिकतो. आणि शेवटची ओळ अशी, की बरा झालेला पक्षी दिसायला धडधाकट असला तरी कितीतरी दिवस रोग सोडत राहतो. मला एकदम जावई आठवला. पुढे आबांनी धुळ्याला चौकशी केली तेव्हा बंगलेवाल्याने मोकळेपणाने सांगितलं, "हो, आमची पिल्लं मेली ना सगळी. हा एकटा वाचला, म्हणून तर देऊन टाकला."

नमुने तपासायला पाठवले. ड्रेसरभाऊंनी ते बर्फात घालून, बर्फ जेवणाच्या डब्यात घालून एसटीने रवाना केले. महिन्याने उत्तर आलं की नमुने तपासणीयोग्य अवस्थेत पोहोचले नाहीत. डबा परत आला नाही. ड्रेसरभाऊंच्या घरी त्यावरून बरंच झालं म्हणतात. तेव्हा हा रोग तोच होता याचा कागद माझ्याकडे आजही नाही. पण पुस्तकातलं एकेक वाक्य अक्कांच्या खळ्यात माझ्यासमोर उभं होतं.

औषध नव्हतं, तेव्हा मी नियम केले. जावयाला वेगळं बांधायचं. मेलेलं पिल्लू खोल खड्ड्यात, वर चुना. बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही. आलाच तर चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुवायचे. आणि सर्वांत मोठा नियम असा, की मावशीकडे जायचं नाही आणि मावशींनी इकडे यायचं नाही. तिची पिल्लं अजून चांगली आहेत, ती चांगली ठेवायची असतील तर दोन घरांचा संबंध बंद.

"संक्रांत शे आठ दिवसमा," अक्का म्हणाल्या.

"असू द्या," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग पिल्लांकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. मला नियम पाळला जाण्याशी मतलब होता.

बाकीचे नियम गावाने आपल्या पद्धतीने पाळले. ड्रेसरभाऊंकडून मी पुठ्ठ्यावर 'आजारी पक्षी. आत येऊ नये.' असं लिहून घेतलं आणि खळ्याच्या फाटकावर लावलं. त्याआधी गावात ही गोष्ट चारदोन घरांनाच माहीत होती. पाटी वाचून सगळ्यांना कळली. आणि घरात आजारपण आहे हे कळल्यावर विचारपूस करायला न जाणं म्हणजे जन्माचं वैर. दुपारपासून माणसं यायला लागली. बायका आल्या, त्यांनी पिल्लांसमोर बसून हळू आवाजात विचारलं, "आते कसं शे? काही खातस का?" म्हातारे आले, त्यांनी आपापल्या हगवणीच्या हकिगती सांगितल्या. एका आजींनी काळा दोरा आणला होता, पण टर्कीच्या पिल्लाचा गळा कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो हे न समजल्याने तो त्यांनी अक्कांच्याच मनगटाला बांधला. भरिताच्या वांग्यांचे दिवस होते. आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? मग खळ्यातच तुराट्यांवर वांगी भाजली जायची आणि पाहुणे भरीत आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाऊन, पिल्लांना आशीर्वाद देऊन जायचे.

मी रोज जाऊन आरडाओरडा करायचे. "लोकं हो, हा रोग पायाने जातो!" मी ओरडायचे. "पाय धुवा, पाय!"

पाय मात्र सगळे धुवायचे, अगदी मनापासून. फाटकाशी अक्कांनी पाण्याचं घंगाळ आणि तांब्या ठेवला होता. आलेला माणूस चपला काढायचा, पाय खसाखसा धुवायचा, ओल्या पायांनी आत जायचा, पिल्लांमध्ये उभा राहायचा, बाहेर यायचा, चपला घालायचा आणि घरी जायचा. मी फाटकाशी उभी राहून समाधानाने बघायचे. मीही तसंच करायचे. बाहेरून आलं की पाय धुवायचे हे आपल्याला आईच्या पोटातून येतं. रोग आत होता आणि आम्ही सगळे आत जाताना स्वच्छ होऊन जात होतो. बाहेर पडताना पाय धुणारा माणूस तोवर त्या गावात जन्मला नव्हता, आणि डॉक्टरीणबाई धुळ्याहून आल्या होत्या तरी त्याच देशातल्या होत्या.

अक्का मात्र खळ्यातून हलल्याच नाहीत. बल्ब लावला तर वीज जायची, म्हणून त्यांनी शेगडी आणली. नातवंडांच्या गोधड्या काढल्या. मी सांगितलेलं गूळ-मिठाचं पाणी त्या कापसाच्या बोळ्याने एकेकाच्या चोचीत सोडायच्या. ड्रेसरभाऊ हळूच म्हणाले, "थोडं ताक द्या, आमच्याकडे देतात." मी नाही म्हणायच्या आत अक्कांनी दिलंही होतं. पिल्लं मरायची तेव्हा अक्का रडायच्या नाहीत, पण नंतर उरलेली पुन्हा पुन्हा मोजायच्या. अकरा गेली. एकोणीस उरली. ती हळूहळू दाणे टिपायला लागली, आणि अक्का चुलीवरचा चहा घेऊन माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलेलं मी बघितलं.

संक्रांत आली आणि गेली. अक्का मावशीकडे गेल्या नाहीत. डबाही पाठवला नाही, कारण डब्यानेही रोग जातो असं मी सांगितलं होतं.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी मी सकाळी अक्कांकडे पिल्लं तपासली आणि तिथूनच तडक मावशींकडे गेले. त्यांची पिल्लं बरी आहेत ना, हे पाहायचं होतं. ड्रेसरभाऊ सायकल अक्कांकडेच ठेवून लुनावर मागे बसले. मावशींच्या अंगणात मोरीचा एक मोठा दगड होता. तिथे उभं राहून मी पाय धुतले. नुसते धुतले नाहीत, धुऊन दाखवले. "असे धुवायचे, मावशी," मी म्हणाले, "टाचेच्या भेगांत बोट घालून. बोटांच्या बेचक्यांत. घाण राहताच कामा नये." मावशी भारावल्या. त्यांनी तीन तांबे पाणी ओतलं. मी भेगा घासल्या, बेचक्या घासल्या, नखं घासली. मग पिल्लं बघितली. तीसच्या तीस ठणठणीत होती.

शुक्रवारी निरोप आला की मावशींची पिल्लं हगताहेत.

मी संतापले. तशीच अक्कांकडे गेले. खळ्यात पाचसहा बायका बसल्या होत्या, आबाही होते. मी फाटकातूनच सुरुवात केली. "कोण गेलं होतं मावशीकडे? रोग काही पंख लावून उडाला नाही! इथूनच कुणाच्या तरी पायाने गेलाय!" मग मी आबांकडे बघितलं. आबा जाता-येता कुठल्याही घरी पाणी प्यायला थांबणारे, आणि मावशी दिवसभर कापूस वेचायला शेतात. त्यांच्या मागे कोण येऊन गेलं हे त्यांना कुठून कळणार? "अक्का," मी म्हणाले, "तुम्ही आबांना पाठवलंत. संक्रांतीचं राहवलं नाही तुम्हाला."

आबा म्हणाले, "मी गऊ नही." पण आबांच्या शब्दाला गावात ससे आणि मधमाश्यांइतकीच किंमत होती. एक बाई तर हसली.

अक्कांनी मांडीवरचं पिल्लू उचललं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हाई पिल्लूवर हात ठीसन सांगस," त्या म्हणाल्या. "मी नही गऊ. त्यास्ले नही धाडं."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. सगळ्या बायकांसमोर "बघू" असं म्हणून मी निघाले. आज इतकी वर्षं झाली, तरी ते 'बघू' आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

मावशींनी मात्र बघायचं शिल्लक ठेवलं नाही. त्यांनी निरोप पाठवला, तो सगळ्या गावाने ऐकला: "तिळगूळ नही धाडा, रोग धाडा." बाजाराच्या दिवशी अक्का दिसल्या तेव्हा मावशी भाजीची पाटी उचलून दुसऱ्या रांगेला गेल्या. अक्का तिथेच उभ्या राहिल्या आणि मग काहीही न घेता घरी आल्या. हे मला ड्रेसरभाऊंनी सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा अक्कांनी नेहमीसारखं पायांवर पाणी घातलं, चहा दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. खळ्यात एकोणीस पिल्लं चिवचिवत होती आणि त्या घरातलं बोलणं पुन्हा बंद झालं होतं.

पुढच्या सोमवारी मी मावशींकडे गेले. तोवर चौदा पिल्लं गेली होती. ड्रेसरभाऊ बरोबर होते. मी मोरीच्या दगडावर उभी राहिले, पाय घासायला लागले, आणि सहज खाली बघितलं.

खांदेशात पाणी वाया घालवत नाहीत. मोरीचं पाणी दगडाखालून एका बारीक चारीने निघत होतं आणि अंगणाच्या कडेच्या केळीच्या बुडाशी जात होतं. त्या ओल्या मातीत किडे, गांडुळं भरपूर. मावशींची उरलेली पिल्लं तिथेच होती. माझ्या टाचेची घाण धुऊन निघालेलं पाणी चारीतून वळत वळत खाली गेलं, आणि एक पिल्लू चोच बुडवून ते प्यायलं. मग मान वर करून गिळलं. मग दुसरं प्यायलं.

मी तांब्या हातात धरून उभीच राहिले. मंगळवार आठवला. अक्कांचं खळं, तिथून तडक इथे, तीन तांबे पाणी, भेगा, बेचक्या. इतकी कसून धुलाई कुणीच केली नसती. दुसरं कुणी साधे दोन तांबे ओतून मोकळं झालं असतं, तर कदाचित अर्धी घाण टाचेच्या भेगांतच राहिली असती आणि पिल्लं वाचली असती.

"मागल्या मंगळवारीपण आपण इथंच धुतले होते, बाई," ड्रेसरभाऊ केळीकडे बघत म्हणाले.

आता खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो कावळ्यांचा. कावळे इथून तिथे जातात, पायाला घाण लागते, पुस्तकालाही ते पटलं असतं. कावळ्यांवर ढकलायचं, आबांची सुटका, अक्कांची सुटका, माझीही सुटका. वाक्यसुद्धा तयार झालं होतं. मावशींचा निरोप घेतला, लुना सुरू केली आणि मैलभर ते वाक्य मनात घोळवत गेले. मग पिल्लाच्या पाठीवर ठेवलेला तो हात आठवला. कावळे म्हटलं असतं तरी लोक मनात आबाच म्हणाले असते. अक्कांची शपथ खोटी ती खोटीच राहिली असती. ड्रेसरभाऊंनी मागून एकदा घसा खाकरला. मी लुना अक्कांच्या गावाकडे वळवली.

"अक्का, चला," मी खळ्याबाहेरूनच म्हणाले. "मावशीकडे जायचंय. पाय धुवा आणि लुनावर बसा."

"जाताना?" अक्कांनी विचारलं.

"हो. जाताना."

त्यांना वाटलं मला ऊन लागलं. पण त्यांनी पाय धुतले, चपला धुतल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा लुनावर बसल्या. नऊवारी सावरत, एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने डबा धरून. डबा कसला हे मी विचारलं नाही. ड्रेसरभाऊंनी त्या दिवशी सायकल आणली नव्हती, ते मागून चालत निघाले. मागून जावई एकसारखा ओरडत होता, लुनाच्या आवाजाला उत्तर म्हणून.

मावशी अंगणात होत्या. अक्कांना बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी मोरीपासून दहा हात लांब उभी राहिले आणि सगळं सांगितलं. रोग मी आणला. माझ्या पायांनी. या दगडावर, या चारीतून. अक्का आल्या नव्हत्या, आबाही आले नव्हते, आणि मी सगळ्यांसमोर त्यांना खोटं पाडलं. अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या.

मावशी बोलल्या त्या माझ्याशी नाहीच. "पिल्लं काय, अजून लई येसूत," त्या बहिणीला म्हणाल्या. "तीस वरीसमा पहिलांदाव संक्रांतले तू उनी नही. ते मले लागनं."

"बाईनी ना सांगं व्हतं," अक्का म्हणाल्या.

दोघींनी वळून माझ्याकडे बघितलं. पुस्तकातलं अख्खं प्रकरण तोंडपाठ असलेली मी मोरीच्या दगडाकडे बघायला लागले. अक्कांनी डबा उघडला. तिळगूळ संक्रांतीचाच होता, पंधरा दिवस झाकून ठेवलेला, दगडासारखा. मावशींनी एक लाडू घेतला, दाताने फोडायचा प्रयत्न केला आणि हसायला लागल्या. मग अक्काही हसल्या. मला मिळालेला लाडू मी दोन दिवस चघळत होते.

"आता दोन्हीकडे होऊन गेलाय," मी शेवटी म्हणाले, "आता खुशाल भेटा. मात्र नवीन पिल्लं आणू नका इतक्यात." हा माझ्या कारकिर्दीतला एकमेव नियम, जो दोघींनी आनंदाने पाळला.

आबांनी मला माफ केलं नाही, पण त्यांनी त्याची मजा केली. पुढे वर्षभर ते पारावर सांगत होते, "डाक्टरबाईना हात चांगला शे, पायगुण बेकार शे." लोक मला गोठ्यात बोलवायचे आणि आधी पायांकडे बघायचे. आणि दोन्ही घरांच्या फाटकांशी आतल्या बाजूलाही एकेक बादली आली, बाहेर पडताना पाय धुवायला. परगावचे पाहुणे विचारायचे, ही उलटी पद्धत कुठली? मावशी सांगायच्या, "आमना आठे डाक्टरबाईनी शिकाडं." यातली अर्धी गोष्ट त्या सांगत नसत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. निरोप घ्यायला अक्कांकडे गेले. टर्की मोठ्या होऊन खळंभर हिंडत होत्या. त्यातली एकही विकली गेली नव्हती, आणि तो विषय काढायची आबांची छाती नव्हती. जावई म्हातारा झाला होता, पण रुसवा तोच होता. चहा झाला, भरीत झालं, सुरतेच्या नातवंडांची पत्रं वाचून झाली. मी उठले, तशा अक्का तांब्या घेऊन फाटकाशी आल्या.

"अक्का, आता कुठे रोग आहे," मी म्हणाले.

"नही शे," त्या म्हणाल्या. "पाय कर पुढे."

त्या खाली बसल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं, टाचा हाताने चोळल्या, बेचक्यांत बोटं घातली, अगदी मी मावशींना दाखवलं होतं तसं. मग पदराने पाय पुसले आणि वर बघितलं. "जाय आते, माय. चोख्खा शेत तुना पाय."

धरणगावला पोहोचेपर्यंत त्या पायांवर रस्त्याची सगळी धूळ बसली होती. त्या दिवशी खोलीत शिरताना मी पाय धुतले नाहीत.